सरजाबाईचं वेगळं गाडगं

सरजाबाईंना गावात कुणी भीत नाही, पण त्यांच्यासमोर खोटं बोलायला भलेभले कचरतात. कारण साधं आहे. जळकोट तालुक्यातल्या या गावात अंगणवाडीची मदतनीस म्हणून त्यांनी एकतीस वर्षं काढली आणि निम्मं गाव त्यांच्या हातची खिचडी खाऊन मोठं झालं. आजचा सरपंचसुद्धा. ज्या बाईनं आपलं शेंबडं नाक पुसलंय तिच्यापुढं मिशीला पीळ देऊन करायचं तरी काय?

वय अडुसष्ट. अंगानं काटकुळ्या, आवाजानं खणखणीत. नवरा शेषेराव जाऊन नऊ वर्षं झाली. गावात ख्रिस्ती घरं चाळीसएक, निजामाच्या राज्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांची. त्यांच्या पत्र्याच्या चर्चची घंटा शेषेराव वाजवायचे आणि प्रभुभोजनाची भाकर सरजाबाई करायच्या. येशूनं शेवटच्या जेवणात शिष्यांना मोडून दिलेल्या भाकरीची आठवण म्हणून सगळ्यांना एकेक तुकडा देतात, ती ही भाकर. नवऱ्यामागं घंटा दुसऱ्याच्या हाती गेली, भाकर मात्र सरजाबाईंकडंच राहिली. गहू त्या दाणा दाणा निवडतात. कणीक मळताना कुणी हाक मारली तरी ओ देत नाहीत. भाकर पितळी ताटात ठेवून वर स्वतः विणलेला पांढरा रुमाल घालतात आणि ते ताट दोन्ही हातांनी धरून चर्चच्या पायऱ्या चढतात. आयुष्यात मानाचं असं दुसरं काही त्यांनी कधी मागितलं नाही.

आता दुसरी गोष्ट. आमच्याकडं लातूर-उदगीरच्या बाजूला मार्गशीर्षातल्या अवसेला येळवस असते. कागदावर तिला वेळ अमावस्या म्हणतात. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळं गाव रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पुजायचे, उभ्या पिकात आंबील शिंपडायची, आणि मग पंगती. ज्वारीच्या पिठाची आंबट आंबील, हिरवे दाणे आणि पालेभाज्या घोटून केलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर. ज्याला रान नाही त्याला रानवाला बोलावतो. न बोलावणारा कद्रू ठरतो आणि न येणारा आढ्यतेखोर.

सरजाबाईंना रान नाही. त्यांची येळवस शंकरप्पांच्या शेतात. शंकरप्पा लिंगायत, बारा एकरांचे मालक, आणि त्यांची बायको नागम्मा म्हणजे सरजाबाईंची जिवाभावाची सखी. ही मैत्री मात्र आयती मिळालेली नाही. सरजाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा ख्रिस्ती झालेल्या घरांना येळवसचं बोलावणं असायचं, पण बसायचं बांधावर. वाढणारा उभ्यानं वरून आंबील ओतायचा आणि खालच्यानं ओंजळ धरायची. चर्चात जाऊन जात गेली असं ज्यांना वाटत होतं, त्यांची समजूत त्या बांधावर दरवर्षी निघायची.

अकरा येळवशी सरजाबाई तिथं बसल्या. बाराव्या वर्षी नागम्माच्या सासूचं निधन झालेलं, चूल पहिल्यांदाच नागम्माच्या हाती आलेली, आणि शंभर माणसांची भज्जी बुडाला लागू लागली. घाबरलेल्या नागम्मानं बांधाकडं बघितलं आणि ओरडली, "सरजक्का, बांधावरून काय बघलालीस? ये की, ढवळ!" अंगणवाडीची खिचडी ढवळून तयार झालेला हात तो. भज्जी वाचली. पंगत बसली तशा सरजाबाई पदर झटकून परत बांधाकडं निघाल्या, तर नागम्मानं त्यांचं मनगट धरलं. सासऱ्यांच्या देखत म्हणाली, "जिनं शिजिवलं ती बांधावर आन आपुन पंगतीत? जमायचं न्हाई." सासरे गोरेमोरे झाले. पण भूक लागलेली होती आणि पळी नागम्माच्या हातात होती.

पंगतीत बसल्यावर सरजाबाईंनी काय करावं? हळूच सांगितलं की देवाला दाखवलेलं आमच्यात चालत नाही. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, बघा, बोट दिलं तर हात धरलालीय. नागम्मा म्हणाली, "एवढंच व्हय?" आणि पुढच्या वर्षीपासून पूजेच्या आधीच आंबिलीचं एक गाडगं वेगळं काढून ठेवू लागली. नवं, कोरं, तोंडाला फडकं बांधलेलं. त्याला अडतीस वर्षं झाली. मधल्या काळात सरजाबाईंच्या मनाला त्या गाडग्याची तशी गरजही उरली नव्हती. पण नागम्मा काढत राहिली आणि त्या पीत राहिल्या. नाताळाला सरजाबाईंकडून करंज्या-चकल्यांचा डबा शंकरप्पांच्या घरी जायचा. असं दोघींचं वर्ष पुरं व्हायचं.

यंदा जूनमध्ये चर्चला नवा पाळक आला. रविकिरण नाव, वय अठ्ठावीस, नांदेडचा, हैदराबादेत शिकलेला. पोरगा गुणी. आल्याबरोबर पत्र्यातली गळती बंद केली, संध्याकाळी मुलांचे वर्ग सुरू केले, मोटारसायकलवर बसवून आजाऱ्यांना उदगीरला नेलं. सरजाबाईंचा त्याच्यावर जीव जडला. चारचौघांत त्या त्याला पास्टर म्हणायच्या, घरी आला की लेकरा.

या गुणी पोरानं नाताळाआधीच्या आगमनकाळात, दुसऱ्या रविवारी, भर उपासनेत बॉम्ब टाकला. येळवस एकोणीस डिसेंबरला होती. तो म्हणाला, येळवस ही दगडांची पूजा. जो त्या रानात जाऊन जेवेल त्यानं नाताळाच्या दिवशी प्रभूच्या मेजाकडं भाकर घ्यायला येऊ नये. प्रभूचा प्याला आणि भुतांचा प्याला एका ओठानं पिता येत नाही, असं शास्त्र सांगतं. सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या.

उपासना सुटल्यावर तो सरजाबाईंपाशी आला. चेहरा पडलेला, पण आवाज ठाम. "मावशी, तुम्ही जाणार आहात का?"

"जानार."

"मग भाकरीचं ताट..."

"उद्या आनून देते," सरजाबाई म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या.

लोकांना वाटलं होतं आता ठिणगी पडणार. सोमवारी सकाळी त्यांनी ताट चिंचेनं लख्ख घासलं, रुमाल धुऊन, वाळवून, घडी घालून वर ठेवला आणि ताट पाळकाच्या दारात नेऊन दिलं. वाकडा शब्द नाही. घरी आल्या, गव्हाचा डबा उघडला, आणि मग मात्र रडल्या. खोटं कशाला सांगू? अडतीस-चाळीस नाताळ ज्या हातांनी भाकर केली ते हात मोकळे पडले तर रडू येणारच. डोळे पुसून त्यांनी सूप घेतलं आणि नाताळाच्या भाकरीचा गहू निवडायला बसल्या. ताट गेलं म्हणून गहू आपोआप निवडला जात नाही.

बुधवारी रविकिरणच त्यांच्या घरी आला. पोराला झोप लागली नसावी. सरजाबाईंनी चहा ठेवला.

"मावशी, राग आलाय का?"

"आलाय. पन चहात साखर घातलीय, पी." त्या समोर बसल्या. "लेकरा, मला एक सांग. नाताळ पंचवीस तारखेलाच कामून?"

रविकिरणचा एक गुण मानला पाहिजे, त्याला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, "तारीख शास्त्रात नाही, मावशी. काही लोक म्हणतात की रोमी लोकांचा सूर्याचा सण त्या दिवसांत असायचा, त्याच्यावरच आपला सण बसवला. काही अभ्यासकांना ते मान्य नाही. मला मात्र पटलं होतं. शिकायला होतो तेव्हा दोन वर्षं मी नाताळ केलाच नाही. खोलीत बसून राहिलो."

"उपाशी?"

"खिचडी केली होती."

"अरारा," सरजाबाई म्हणाल्या. "मग आता कामून करतोस?"

"मंडळीला हवा असतो."

"म्हंजे तुझ्या मनाला पटत न्हाई ते तू आमच्यासाठी करतोस, आन माझ्या मनाला पटतंय ते म्या तुझ्यासाठी सोडायचं. ब्येस हाय की! आरं, पंचवीस तारखेला म्या कधी सूर्याला हात जोडलेले बघितलास का? येशूचंच नाव घेते. तो दिवस आदी कुनाचा होता ते त्या दिवसाला ठाव. म्या कुनाचं नाव घेते ते मला ठाव. रानातबी तसंच. ती दगडाला हात जोडतात, म्या चुलीपाशी हुबी ऱ्हाऊन जवारी दिली म्हनून माझ्या देवाचे उपकार मानते. आन तू त्या दिवशी प्याल्याचं वाचून दावलास, त्याच पत्रात, त्याच अध्यायात, फुडं काय हाय? परक्यानं जेवायला बोलिवलं तर जा, वाढतील ते खा, उगं उकरत बसू नका. ते कामून वाचलं न्हाईस?"

रविकिरणनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मावशी, माझा बाप सणावारी प्यायचा. जत्रा म्हटली की बकरं, बकऱ्याबरोबर दारू, दारूबरोबर आईला मार. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी त्यानं सगळे सण सोडले आणि दारूही सोडली. आमच्या घरात सण गेला म्हणून सुख आलं. मला भीती वाटते. एक दार उघडलं की मागून सगळंच आत येईल."

पोराचं दुखणं खरं होतं. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि कपात आणखी चहा ओतला. पण येळवसला जाणार नाही असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

वेगळ्या गाडग्याचंही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर तिथल्या तिथं सुटल्या असत्या, देवाला दाखवलेलं त्यांच्या तोंडाला अडतीस वर्षांत लागलेलंच नव्हतं. शब्द ओठांवर आला होता. पण सिंधु आठवली. सिंधु त्यांची शेजारीण, त्याच चर्चची, शंकरप्पांच्या शेतात रोजानं जाणारी. तिला कोण वेगळं गाडगं काढतंय? ती सगळ्यांबरोबर मोठ्या बिंदग्यातली, देवाला दाखवलेलीच आंबील पिते. तिच्यासारखी अजून वीस माणसं. आपण एकटीनं कागद दाखवून सुटायचं आणि बाकीच्यांना फाटकात अडकू द्यायचं, हे सरजाबाईंच्या रक्तात नाही. त्या गप्प राहिल्या. त्यांच्यासारख्या बाईनं गप्प राहणं काय असतं ते गावाला विचारा.

येळवस पुढच्या आठवड्यात शुक्रवारी आली. सरजाबाई सूर्य उगवायच्या आत शंकरप्पांच्या रानात हजर. ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभरा घाट्यांनी भरलेला. सिंधुनं चुलीला जाळ लावला, सरजाबाईंनी भज्जी घोटायला घेतली, नागम्मा गुडघा धरून हुकूम सोडत राहिली. ख्रिस्ती घरांतली नेहमीची माणसं मात्र निम्मीच आली होती. बाकीची नाताळची भाकर मिळणार नाही या भीतीनं घरी बसलेली. नागम्मानं दोनदा विचारलं, "बाकीची कुठं हायती?" सरजाबाई म्हणाल्या, "यितील," आणि विषय बदलला.

पूजा उरकली. शंकरप्पा आंबील शिंपडत पिकातून फिरून आले. पंगत मांडताना मोटारसायकलचा आवाज आला. रविकिरण. कोण कोण गेलंय ते डोळ्यांनी बघायला आला होता. ते त्यानं नंतर स्वतःच कबूल केलं. रानात पाय टाकायचा नाही आणि परत फिरायचंही नाही, म्हणून गाडी लावून तो बांधावर बसला.

नागम्माला चर्चमधली भानगड ठाऊक नव्हती. तिला वाटलं पाव्हणा आला. "पास्टरसायब, बांधावर कामून बसलाव? खाली या की!"

तो हसला, मान हलवली, बसून राहिला. आणि मग सरजाबाईंनी त्याच्याकडं बघितलं. हातातली पळी खाली गेली.

"तिथं नको बसूस," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण सगळी पंगत गप्प झाली. "ऊठ तिथून. त्या बांधावर म्या अकरा येळवशी बसले. वरून आंबील वतायचे आन म्या वंजळ धरायची. तुझा आज्जाबी असाच कुठंतरी बसला आसंल, इचार घरी. तिथून उठायला आमाला अकरा वर्सं लागली. आन आज तू शास्त्र दाऊन आमाला परत तिथंच बसिवलालास."

शंकरप्पा खाली बघत राहिले. त्यांनाही तो बांध आठवत होता, आणि त्यावर कोण बसायचं तेही. रविकिरण उठला. का उठला हे त्याला नीट सांगता आलं नसतं, पण उठला. पँटीची माती झटकून खाली आला आणि सिंधुच्या शेजारी जागा होती तिथं बसला.

नागम्मा लंगडत कोपीमागं गेली आणि दोन गाडगी घेऊन आली. दोन्ही कोरी, दोन्हींना फडकं बांधलेलं. "हे सरजक्काचं. आन हे तुमचं. तुमी गावात नवं हाव, कदाचित यिताव म्हनून सकाळीच काढलंय. देवाला दावायच्या आदी. तुमच्यात चालत न्हाई, मला ठाव हाय. अडतीस वर्सं काढलालाव."

रविकिरण गाडग्याकडं बघत राहिला, मग सरजाबाईंकडं. "मावशी, तुम्ही हे मला सांगितलं नाहीत."

"सांगून काय झालं आसतं? मला एकटीला सोडलं आसतास. सिंधुला काय सांगितलं आसतास?"

सिंधु भज्जीत भाकरी चुरत होती. तिनं मान वर केली नाही. रविकिरणनं गाडगं उचललं, तोंडाला लावलं आणि एका दमात निम्मी आंबील प्याला. पांढऱ्या मिशा उगवल्या. शंकरप्पा म्हणाले, "घ्या अजून, लाजू नका," आणि पंगत परत बोलू लागली.

रविवारी उपासनेत तो फार बोलला नाही. एवढंच म्हणाला, "पंधरा दिवसांपूर्वी मी प्रभूच्या मेजासमोर एक रेघ मारली होती. ती मारायचा अधिकार माझा नव्हता. मी ती पुसतो. दगडापुढं मी हात जोडणार नाही, तुम्हीही जोडू नका. पण शेजाऱ्याच्या ताटावरून उठू नका. नाताळला सगळ्यांनी या." सरजाबाईंनी हातातला रुमाल तोंडाशी धरला. सगळ्यांना वाटलं खोकला आला.

मंगळवारी दुपारी तो ताट घेऊन आला. रुमाल त्यानं स्वतः धुतला होता, इस्त्री करून एका कोपऱ्याला जाळूनही ठेवला होता. "मावशी, भाकरीला गहू..."

"निवडून ठिवलाय."

"कधी?"

"ताट तुझ्या दारात आनून दिलं त्या दिवशी."

रविकिरणनं पिशवीतून नागम्माचं गाडगं काढलं. घासून स्वच्छ केलेलं. "हे परत द्यायचंय. पण रिकामं कसं देऊ? आमच्या नांदेडातही शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. आणि माझ्याकडं घालायला आहे काय?"

"खिचडी हाय की," सरजाबाई म्हणाल्या आणि पोट धरून हसल्या. मग परातीवरचं फडकं काढलं. करंज्यांची कणीक भिजवून ठेवली होती, सारण तयार होतं. "नाताळच्या करंज्या घाल. बस खाली. हात धू."

दोन नाताळ दार लावून काढलेला पाळक मांडी घालून बसला. पहिल्या चार करंज्या कढईत फुटल्या. पाचवी धड आली. सरजाबाईंनी त्याला टोमणे मारून घेतले, त्यानं ते ऐकून घेतले. दोन तासांत टोपली भरली. फराळ झाला की टोपलीवर हात ठेवून सरजाबाई प्रार्थना करतात, येशूच्या नावानं अर्पण करतात, आणि मगच करंजी कुणाच्या तोंडात जाते. डबाही त्यानंतरच भरला जातो. घराची जुनी रीत. त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

"मावशी, थांबा," रविकिरण म्हणाला. "नागम्माबाईंच्या करंज्या वेगळ्या काढू का? प्रार्थनेच्या आधी?"

सरजाबाईंचा हात टोपलीवरच राहिला. अडतीस नाताळ त्यांनी त्या घरी डबा पाठवला होता, दरवर्षी येशूच्या नावानं अर्पण केलेला. नागम्मानं कधी विचारलं नाही. आणि तिला चालतं का, हे त्यांना कधी सुचलंही नाही.

"काढ," त्या शेवटी म्हणाल्या. "आदी तिच्या काढ."

त्यानं धड जमलेल्या करंज्या वेचून गाडग्यात भरल्या. सरजाबाई उठल्या आणि तोंडाला बांधायला कोरं फडकं शोधू लागल्या.